आईवडिलांची शस्त्रक्रिया आणि घरांतील मूल

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया हा विषय पूर्वीं आपल्या घरगुती बोलण्यांत क्वचितच येई. २०११ सालीं श्री. नितीन गडकरी यांनीं मुंबईंत ती करून घेतली, तेव्हां वर्तमानपत्रांतून तिची पुष्कळ चर्चा झाली. आज एखाद्या परिचितानें ती करून घेतल्याचें ऐकून कोणी फारसें दचकत नाहीं. तिची वैद्यकीय बाजू डॉक्टर समजावून सांगतात. परंतु त्या घरांत जें सहा-आठ वर्षांचें मूल असतें, त्याला काय व कसें सांगावें, याचा विचार बहुधा कोणी केलेला नसतो. त्याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

डहाणूचें एखादें कुटुंब डोळ्यांसमोर आणा. आईची शस्त्रक्रिया मुंबईस ठरली आहे. डहाणू रोडपासून चर्चगेट सुमारें सव्वाशें किलोमीटर, आणि रुग्णालयांतील मुक्काम बहुधा दोनतीन दिवसांचा. तेव्हां वडीलधारीं माणसें 'आई मावशीकडे गेली' असें सांगून मोकळीं होतात. मग मावशीकडून परतलेली आई कण्हत अंथरुणावर बसते, मुलाला उचलून घेत नाहीं, पानावर येत नाहीं. मूल फसत नाहीं. तें फक्त विचारावयाचें थांबतें. आणि न विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें मुलें स्वतःच रचतात, तीं सत्याहून भयंकर असतात.

आपली भाषाही येथें थोडा घोटाळा करते. 'आईच्या पोटाचें ऑपरेशन' हे शब्द ऐकून एका मुलाला सुरीनें चिरलेलें पोट दिसेल. दुसऱ्याला, पोटांतून बाळ येतें एवढें ठाऊक असल्यामुळें, आई धाकटें भावंड आणावयास गेली असें वाटेल. म्हणून पोट निराळें आणि त्याच्या आंत अन्न सांठविणारी जठराची पिशवी निराळी, हें आधीं दाखवावें. दाखवावें, असें मी मुद्दाम म्हणतें. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालापासून बोर्डीस व पुढें कोसबाडच्या टेकडीवर जें बालशिक्षणाचें काम केलें, त्यांत महागड्या साधनांच्या जागीं पानें, बिया, खडे आले; आणि मूल शाळेंत येत नाहीं असें दिसतांच शाळाच त्याच्या अंगणांत गेली. आपणही तसेंच करावें. एक कापडी पिशवी उभी दुमडून टाके घालावे आणि आतां हिच्यांत किती मावेल तें मुलालाच भरून पाहूं द्यावें. 'स्लीव्ह' म्हणतात त्या प्रकारांत जठराचा सुमारें पाऊण भाग काढतात व केळ्याएवढी नळी उरते. पोटावर चारपांच लहान छिद्रें पाडून, दुर्बिणीच्या साहाय्यानें हें काम होतें, हेंही सांगावें.

'आई मरेल का?' हा प्रश्न आला तर दटावूं नये. 'मुळींच नाहीं' अशी शपथही घेऊं नये. अनुभवी हातीं हा धोका सुमारें हजारीं एक इतका अल्प असतो. तेव्हां 'बहुतेक सगळीं माणसें बरीं होऊन घरीं येतात, आईही येईल असें डॉक्टरांना आणि आम्हांला वाटतें' हें उत्तर खरें आहे व मुलाला पुरतें.

खरी परीक्षा पुढें, जेवणाच्या वेळीं. पहिले सुमारें दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ घोटलेलें अन्न, आणि दीडदोन महिन्यांनीं हळूहळू नेहमींचें जेवण. तेंही वाटीभर, बारीक चावून, मध्यें पाणी न पितां. आपल्याकडे जेवली नाहीं म्हणजे उपास, राग किंवा दुखणें! मुलाला हे तीनच अर्थ ठाऊक. तें आपल्या हातानें घास भरवूं पाहतें, आई तोंड फिरविते, आणि त्याला तो आपलाच अव्हेर वाटतो. आजी आग्रह करते, आई मन मोडवत नाहीं म्हणून खाते आणि मग ओकते. तें पाहून मूल अधिकच भितें. आग्रह हें आपल्याकडे प्रेमाचें मोठें माप आहे, तें कांहीं काळ बाजूला ठेवावेंच लागेल. आईनें मात्र आपली वाटी घेऊन सर्वांबरोबर बसावें. काय खाल्लें याचा पहारा मुलाकडे सोंपवूं नये. त्याऐवजीं संध्याकाळीं समुद्रावर तिला फिरावयास नेण्याचें काम द्यावें. चालणें तिला हवेंच असतें. उचलून घेणें कांहीं आठवडे बंद, पण शेजारीं बसवून कुशींत घेण्यास हरकत नाहीं.

तलासरीच्या एखाद्या शिक्षकाच्या घरीं अडचण निराळी असेल. तेथें अंगणवाडींत मुलांचें वजन करतात तें कुपोषण वेळींच ओळखावें म्हणून. वजन उतरणें म्हणजे वाईट, हेंच त्या मुलानें पाहिलेलें. त्याच्यासमोर वडिलांचे गाल बसूं लागले, तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत केंस गळूं लागले, आणि रस्त्यांत कोणी 'गुरुजी, आजारी होतां कां?' असें विचारलें, तर त्याच्या छातींत धस्स होणारच. हें घडणार आहे आणि केंस बहुधा पुन्हा येतील, असें त्याला आधींच सांगितलेलें असावें.

एक वाक्य मात्र कोणत्याही घरांत उच्चारूं नये : 'असाच खात राहिलास तर तुझेंही पोट कापावें लागेल.' वयांत येणाऱ्या मुलीला तर हें फारच झोंबतें. अशीं मुलें चोरून खाऊं लागतात किंवा खाणेंच सोडतात.

मुलाची झोप उडाली, अंथरूण ओलें होऊं लागलें, किंवा जेवण तुटलें आणि हें दोनतीन आठवड्यांनींही निवळलें नाहीं, तर डॉक्टरांना दाखवावें. २०२२ सालीं सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतूनही सल्ला मिळतो.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात. तपासण्याही पहिल्या वर्षीं वरचेवर व पुढें दर वर्षीं असतात. त्यांतील एखाद्या खेपेला मुलाला बरोबर न्यावें आणि त्याचे प्रश्न त्यालाच डॉक्टरांना विचारूं द्यावेत.