'वाशी' : चार चिन्हे की बारा?

'वाशी' हा शब्द चार चिन्हांचा : व, काना, श आणि दीर्घ वेलांटी. लिनक्सवर केवळ हाच शब्द, पुढे नवी ओळही न सोडता, फाइलीत ठेवावा आणि 'डब्ल्यूसी -एम' या आज्ञेने मोजावा. एका संगणकावर उत्तर ४ येते, तर दुसऱ्यावर १२!

दोष आज्ञेचा नव्हे, ती ज्या वातावरणात चालते त्याचा आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. वातावरणात भाषा म्हणून नुसते 'सी' नोंदलेले असेल, तर आज्ञा चिन्हांऐवजी बाइट मोजते. मराठी मजकुराचा अभ्यास करणाऱ्याचे आकडे अशाने जवळजवळ तिप्पट होतात आणि कसलीही सूचना मिळत नाही.

म्हणून प्रथम 'लोकेल' ही आज्ञा देऊन नोंदी पाहाव्यात. त्यांत 'एलसी_ऑल' सर्वश्रेष्ठ, नंतर 'एलसी_सीटाइप', शेवटी 'लँग'. वरच्या नोंदीत 'सी' असताना खालची बदलून उपयोग नाही. 'लोकेल -ए'ने उपलब्ध नावे पाहून यूटीएफ-८चे नाव 'एक्सपोर्ट'ने नोंदवावे. मग 'वाशी' पुन्हा मोजावा. ४ आले, की खुशाल प्रबंध मोजायला घ्यावा.