सुऱ्यांतले लोखंड आले कोठून?

1818 साली जॉन रॉस या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची जहाजे वायव्य ग्रीनलँडच्या किनाऱ्याला लागली. तेथील इनुइट लोकांच्या हाडी मुठींच्या सुऱ्यांना चक्क लोखंडाची धार होती! या बर्फाळ मुलखात ना झाडे, ना भट्टी. मग लोखंड कोठले? विलायतेत नेलेल्या सुरीचे पृथक्करण झाले, तेव्हा तीत निकेल सापडले.

खनिजापासून गाळलेल्या साध्या लोखंडात निकेल जवळजवळ नसते. लोह-अशनीत मात्र ते बहुधा पाच टक्क्यांहून अधिक असते. लघुग्रह वितळला की लोखंड आणि निकेल दोन्ही त्याच्या गाभ्यात उतरतात. पुढे टकरीत तो फुटला, की गाभ्याचे तुकडे अवकाशात मोकळे होतात. हा गाभा इतका संथ निवतो (दहा लाख वर्षांत बहुधा काहीशेच अंश!) की त्यात कमी-अधिक निकेलच्या स्फटिकांच्या पट्ट्या वाढतात. तुकडा कापून, घासून, आम्लाने धुतला की ही आडवीतिडवी वीण नुसत्या डोळ्यांनी दिसते. प्रयोगशाळेत आम्हाला ती अशी विणता येत नाही. तेवढा वेळ कोणाजवळ आहे? पुष्कळदा लोक आमच्याकडे 'अशनी' म्हणून जड, काळा दगड आणतात. बहुतेक वेळा ती भट्टीतली मळी निघते.

इनुइटांनी लोखंड वितळवले नाहीच. दगडांनी ठोकून ते अशनीचे नखाएवढे कपचे काढत, थंडच चपटे करीत आणि हाडाच्या खाचेत ओळीने बसवीत. हे दगड बेसाल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या जातीचे. तेही दुरून वाहून आणलेले. अशनींच्या मोठ्या तुकड्यांना त्यांनी नावे दिली होती: तंबू, बाई आणि कुत्रा.

1894 मध्ये एका इनुइट वाटाड्याने रॉबर्ट पिअरी या अमेरिकी प्रवाशाला 'बाई'पाशी नेले. पुस्तकांत शोधाचे श्रेय पिअरीला मिळते. वाटाड्याचे आणि शेकडो वर्षे कपचे काढणाऱ्यांचे काय, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. पिअरीने तिन्ही तुकडे नेले. सुमारे 31 टनांचा 'तंबू' 1897 मध्ये जहाजावर चढला. त्याच जहाजातून सहा इनुइट माणसेही न्यूयॉर्कला नेण्यात आली. त्यांतली चार वर्षभरात आजाराने दगावली. अशनी पुढे तेथील संग्रहालयाने 40,000 डॉलरना घेतल्या. 'तंबू'चे आधारखांब इमारतीखालच्या कातळापर्यंत गेले आहेत.

1963 मध्ये व्हान बुखवाल्ड या डॅनिश शास्त्रज्ञाला त्याच परिसरात आणखी एक, 20 टनांचा तुकडा सापडला. 'बाई'च्या मूळ जागी आता नुसता खड्डा उरला आहे, आणि भोवती ठोकण्याच्या दगडांचा ढीग.