घर, प्रवास आणि मजुरी : कोविड-१९ काळातील मुंबई आणि सार्वजनिक सुरक्षिततेचा आधार

प्रस्तावना :

कोविड-१९ या साथीचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुणे येथे आढळला. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या आजारास जागतिक महामारी म्हणून संबोधले आणि २५ मार्चपासून संपूर्ण देशात २१ दिवसांची टाळेबंदी लागू झाली. पुढे ती टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढविण्यात आली. या काळात शासनाने नागरिकांना दिलेला मुख्य संदेश साधा होता : घरी राहा, अंतर ठेवा, हात धुवा. वैद्यकीय दृष्टीने तो योग्यच होता. परंतु तो पाळण्यासाठी राहण्यायोग्य घर, पुरेसे पाणी आणि काम न करताही काही आठवडे तग धरता येईल इतके उत्पन्न असणे आवश्यक होते. या तिन्ही गोष्टी समाजात सारख्या प्रमाणात वाटलेल्या नाहीत. सार्वजनिक सुरक्षितता ही केवळ नागरिकांच्या शिस्तीवर अवलंबून नसून ती घर, प्रवास आणि मजुरी या तीन आधारांवर उभी असते, हे प्रस्तुत लेखात मुख्यतः मुंबई शहराच्या अनुभवावरून स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) साथनियंत्रणाच्या कायद्याचे स्वरूप व त्याच्या मर्यादा समजून घेणे.
२) घर, प्रवास व मजुरी या घटकांचा नागरिकांच्या सुरक्षिततेशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) २०२० व २०२१ मधील अनुभवांतून भावी धोरणासाठी उपयुक्त निष्कर्ष मांडणे.

कायद्याची पार्श्वभूमी :

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्या कायद्याचा आधार घेतला तो साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७ चा आहे, आणि त्याचा उगमही मुंबईतच आहे. १८९६ मध्ये मांडवी परिसरात प्लेगचा प्रादुर्भाव झाला. डॉ. अकासियो व्हिएगास यांनी त्याचे निदान केले. पुढील वर्षाच्या आरंभी हा कायदा अस्तित्वात आला. त्याच काळात डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली, तर पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. पुण्यातील घरझडत्यांमुळे उसळलेल्या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. साथीच्या काळात शासनाचे अधिकार कितीही व्यापक असले तरी लोकांचा विश्वास नसेल तर ते निष्फळ ठरतात, हा धडा महाराष्ट्राने तेव्हाच घेतला होता.

अवघ्या काही कलमांचा हा कायदा शासनास निर्बंध घालण्याचे अधिकार देतो आणि ते मोडणाऱ्यास शिक्षा सांगतो. मात्र निर्बंधांमुळे ज्याचा रोजगार बुडतो त्याच्या अन्नाची, निवाऱ्याची वा मजुरीची जबाबदारी कोणाची, याविषयी तो मौन बाळगतो. एप्रिल २०२० मध्ये अध्यादेशाद्वारे त्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षेची तरतूद झाली. ती आवश्यकच होती. तथापि कायद्याचा मूळ रोख दंडाचाच राहिला. २०२० च्या अनुभवाचे विवेचन करताना ही उणीव ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

घर : धारावीचा अनुभव

धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला, तेव्हा सर्वत्र चिंतेचे वातावरण पसरले. सुमारे अडीच चौरस किलोमीटर क्षेत्रात लाखो लोकांची वस्ती, एकाच खोलीत राहणारी मोठी कुटुंबे, सार्वजनिक नळ आणि सामुदायिक शौचालये अशी तेथील परिस्थिती होती. दिवसातून अनेकदा घराबाहेर पडल्याशिवाय जेथे नित्यविधीही होऊ शकत नाहीत, तेथे 'घरी राहा' या सूचनेचा अर्थच बदलतो.

मुंबई महानगरपालिकेने ही मर्यादा ओळखली, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. रुग्ण येण्याची वाट न पाहता आरोग्यपथके गल्लोगल्ली गेली. स्थानिक खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन ताप व प्राणवायूची पातळी तपासण्यात आली. ज्यांना घरात विलगीकरण अशक्य होते त्यांच्यासाठी शाळा, सभागृहे व क्रीडासंकुले उपलब्ध करून देण्यात आली. तेथे जेवण व उपचार मोफत होते. सामुदायिक शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण केले गेले. स्वयंसेवी संस्था व स्थानिक रहिवाशांच्या मदतीने शिधा व तयार अन्न पोहोचविण्यात आले. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी इटली, स्पेन व दक्षिण कोरिया यांच्यासोबत धारावीचा उल्लेख केला.

या यशाचे मूल्यमापन मात्र तारतम्याने करावयास हवे. याच काळात धारावीतील अनेक कामगार आपापल्या गावी परतले होते. त्यामुळे वस्तीची दाटी काही प्रमाणात घटली होती. शिवाय जुलै २०२० मध्ये महानगरपालिका, नीती आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या सहभागाने शहरातील तीन प्रभागांत झालेल्या रक्तद्रव सर्वेक्षणाने वेगळे चित्र समोर आणले. या प्रभागांत धारावीचा समावेश नव्हता. सुमारे सात हजार नमुन्यांच्या या पाहणीत झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे आढळली. शहर एकच, नियमही एकच. परंतु संसर्गाचे प्रमाण साडेतीन पट. लोकवस्तीची दाटी आणि शौचालये व पाणवठ्यांचा सामायिक वापर ही त्यामागील संभाव्य कारणे सांगितली गेली. झोपडपट्टीतील माणूस बेशिस्त होता असा निष्कर्ष या आकड्यांवरून निघत नाही. नियम पाळण्याची साधने त्याच्यापाशी नव्हती, एवढेच त्यातून सिद्ध होते.

प्रवास : लोकल आणि 'अत्यावश्यक' या शब्दाची व्याप्ती

कोविडपूर्व काळात मुंबईच्या उपनगरी रेल्वेने दररोज सुमारे ७५ ते ८० लाख प्रवासी ये-जा करीत. मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्याअखेर ही सेवा थांबली. रुग्णालयातील परिचारिका, सफाई कामगार व पोलीस यांची वाहतूक बेस्ट आणि एस. टी. च्या बसगाड्यांनी सांभाळली. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये महिलांना ठराविक वेळेत मुभा मिळाली आणि सर्वसामान्यांसाठी १ फेब्रुवारी २०२१ पासून दारे उघडली. तीही सकाळी सातपूर्वी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. दुकानातील नोकर, घरकामगार किंवा कारखान्यातील मजूर यांच्या कामाच्या वेळांशी या वेळा जुळत नव्हत्या. परिणामी कित्येकांना गर्दीच्या बसमधून अधिक काळ व अधिक खर्चाचा प्रवास करावा लागला. रेल्वेतील गर्दी टळली, पण धोका रस्त्यावर सरकला.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ही मुभा पुन्हा काढून घेण्यात आली. त्यानंतर १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेऊन १४ दिवस पूर्ण झालेल्यांना प्रवासाची परवानगी मिळाली. लसीकरणाची अट आरोग्यदृष्ट्या समर्थनीय होती. परंतु १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण मे महिन्यात सुरू होऊन तुटवड्यामुळे राज्यात खंडित झाले होते, आणि कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये त्या वेळी किमान ८४ दिवसांचे अंतर बंधनकारक होते. जूनअखेर पहिली मात्रा मिळालेल्या तरुण कामगारास ही अट पूर्ण करण्यासाठी ऑक्टोबर उजाडणे अपरिहार्य होते. सुरुवातीस केवळ मासिक पास दिला जात असल्याने रोजंदारीवरील माणसाला महिन्याचे भाडे आगाऊ भरणे भाग पडले. नियम तयार करताना नियमित वेतन मिळणारा कर्मचारी डोळ्यांसमोर होता, हे यावरून दिसून येते.

'अत्यावश्यक' या शब्दाची आणखी एक बाजू विचारात घ्यावी लागते. आशा स्वयंसेविकांनी घरोघरी सर्वेक्षण केले. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेचा भार त्यांनीच वाहिला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. तथापि त्यांना नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा नव्हता आणि मोबदल्याच्या प्रश्नावर जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला. काम अत्यावश्यक ठरले, काम करणारी व्यक्ती मात्र 'स्वयंसेविका'च राहिली.

मजुरी : टाळेबंदीचा न सांगितलेला खर्च

प्राध्यापक, बँक कर्मचारी किंवा संगणक क्षेत्रातील नोकरदार यांचे काम घरी बसून होऊ शकले व वेतनही चालू राहिले. गवंडी, हमाल, शिलाई कामगार यांच्या बाबतीत काम थांबणे म्हणजे उत्पन्न थांबणे होते. केंद्र शासनाने २९ मार्च २०२० रोजी पूर्ण वेतन देण्याचा व घरभाड्यासाठी तगादा न लावण्याचा आदेश काढला. परंतु असंघटित क्षेत्रात मालक-कामगार संबंधाची नोंदच नसल्याने त्याची अंमलबजावणी कठीण होती. १८ मेपासून वेतनाचा आदेश मागे घेतला गेला.

१४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी वाढल्यानंतर वांद्रे येथे गावी जाण्यासाठी कामगारांचा मोठा जमाव जमला. श्रमिक विशेष गाड्या १ मेपासून धावू लागल्या. त्यानंतर आठवडाभरातच, ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघालेले व थकून रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर तत्कालीन औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील करमाडजवळ मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. गाड्या बंद आहेत, अशी त्यांची समजूत होती. त्यांचा मृत्यू विषाणूमुळे झाला नाही. साथीच्या आकडेवारीत त्यांची गणना होत नाही. परंतु साथीपासून संरक्षण देणाऱ्या उपायाची किंमत त्यांनी मोजली, हे नाकारता येत नाही.

या अनुभवातून काही सुधारणा निश्चितच झाल्या. शिवभोजन थाळीची किंमत २०२० च्या टाळेबंदीत दहा रुपयांवरून पाच रुपये झाली व एप्रिल २०२१ मध्ये ती काही काळ मोफत देण्यात आली. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांसोबतच राज्य शासनाने नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, परवानाधारक रिक्षाचालक व फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपयांची मदत जाहीर केली. निर्बंध आणि मदत एकाच वेळी जाहीर होणे हा २०२० च्या तुलनेत महत्त्वाचा बदल होता. तरीही ही मदत नोंदणीच्या उंबरठ्यापाशी अडली. ज्याचे नाव कोणत्याही मंडळाच्या वहीत नाही, तो या वेळीही बाहेरच राहिला. असंघटित कामगारांची राष्ट्रीय पातळीवरील नोंदणी करणारे ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर सुरू झाले.

निष्कर्ष :

१) साथनियंत्रणाचे नियम सर्वांसाठी समान असले तरी ते पाळण्याची क्षमता समान नसते. ही विषमता दुर्लक्षित राहिल्यास नियमभंग अटळ ठरतो.
२) धारावीत सेवा लोकांच्या दारी नेल्याने विश्वास निर्माण झाला. दंडापेक्षा तपासणी, अन्न व विलगीकरणाची मोफत सोय हे उपाय अधिक परिणामकारक ठरले.
३) प्रवासाचे निर्बंध ठरविताना कामाच्या प्रत्यक्ष वेळा व रोजंदारीचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे.
४) कामगारांची नोंदणी हा साथीपूर्वी करावयाचा आरोग्यविषयक उपाय आहे. संकट आल्यानंतर ती करणे उशिराचे ठरते.
५) साथविषयक कायद्यात शासनाच्या अधिकारांबरोबरच निर्बंधकाळातील अन्न, निवारा व किमान उत्पन्न यांची हमी समाविष्ट होणे गरजेचे आहे.

समारोप :

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मुखपट्ट्या उतरल्या, लोकल पुन्हा भरून वाहू लागल्या. सामायिक शौचालये, दाटीची घरे आणि नोंद नसलेली मजुरी या गोष्टी मात्र साथीबरोबर आल्या नव्हत्या, त्यामुळे त्या तिच्याबरोबर गेल्याही नाहीत. ज्यांना घरी राहणे शक्य झाले त्यांच्या दारापर्यंत दूध, भाजीपाला व औषधे कोणीतरी पोहोचवीत होते. एकाची सुरक्षितता दुसऱ्याच्या जोखमीवर उभी होती. पुढील साथीची पूर्वतयारी रुग्णालयातील खाटांच्या संख्येपुरती मर्यादित न ठेवता या दुसऱ्या माणसाचे घर, त्याचा प्रवास आणि त्याची मजुरी यांपासून सुरू झाली, तरच सार्वजनिक सुरक्षितता या शब्दातील 'सार्वजनिक' हे विशेषण सार्थ ठरेल.