एअर फ्रायरमधले कांद्याचे भजे: पाणी घालूच नका!

आधी एक समजून घ्या, नाव फ्रायर असलं तरी हे यंत्र तळत नाही. आतला पंखा गरम हवा फिरवतो, बस्स. कढईतलं तेल पातळ पिठालाही पडल्या पडल्या घट्ट करतं. हवेला वेळ लागतो, तोवर पीठ जाळीतून खाली गळतं. म्हणून पाणी थेंबभरही नको.

2 मोठे कांदे लांब, पातळ चिरा, मीठ चोळून 10 मिनिटं ठेवा. मीठ कांद्यातलं पाणी बाहेर काढतं, तेवढ्यातच पीठ भिजतं. 4 मोठे चमचे बेसन, 2 चमचे तांदळाचं पीठ (धानाच्या गोंदियात त्याची काय कमी!), ओवा, तिखट. कुरकुरीतपणा तांदळाच्या पिठाचा. वर 2 चमचे तेल चोळाच, नाहीतर भजे कोरडे, पांढरट राहतात.

180 अंशांवर, सुटे सुटे ठेवून, 12 ते 15 मिनिटं. मध्ये एकदा उलटा.

कढईची चव येते का? खरं सांगू, नाही. पण माझ्या बाबांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, त्यांना पावसाळ्यात निदान हे तरी मिळतात. झाकून मात्र ठेवू नका, वाफेनं मऊ पडतात.