उचल, मुकादम आणि कंपनीचे उत्तरदायित्व : ऊसतोडणीच्या संदर्भात सक्तीच्या श्रमाचा विचार

१

व्यापारी कंपनीने आपल्या कारभारात, तसेच तिला माल पुरविणाऱ्यांच्या कारभारात, सक्तीचा श्रम राहू नये म्हणून कोणती दक्षता घ्यावी, हा प्रश्न अलीकडे अनेक देशांच्या कायद्यांत शिरला आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक दास्यविषयक कायद्याच्या ५४ व्या कलमाने ३ कोटी ६० लाख पौंड वा त्याहून अधिक वार्षिक उलाढालीच्या कंपन्यांवर दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये त्याच धर्तीची तरतूद केली. फ्रान्सने २०१७ मध्ये व जर्मनीने २०२१ मध्ये याच्या पुढे जाऊन मोठ्या कंपन्यांवर प्रत्यक्ष दक्षतेचे कर्तव्य लादले. ब्रिटिश कायद्याची मर्यादा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपण कोणतीही उपाययोजना केलेली नाही, एवढे जाहीर केले तरी त्या कलमाची पूर्तता होते. निवेदन आणि निवारण या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांतील अंतर महाराष्ट्रातील ऊसतोडणीच्या उदाहरणाने स्पष्ट करावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम संज्ञेचा विचार करू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या २९ व्या करारानुसार, शिक्षेच्या धाकाने करवून घेतलेले आणि व्यक्तीने स्वेच्छेने न पत्करलेले काम म्हणजे सक्तीचा श्रम. भारताने हा करार १९५४ मध्ये मान्य केला. तत्पूर्वीच संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, या अनुच्छेदाचा अर्थ व्यापक केला. भूक व दारिद्र्य यांच्या रेट्याखाली किमान वेतनाहून कमी मोबदल्यात केलेले कामही सक्तीचेच, असा तो निर्णय होय. १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमात तर आगाऊ रक्कम आणि गमावलेले स्वातंत्र्य यांचा संबंध स्पष्टपणे सांगितला आहे. साखळदंड व पहारा असेल तरच दास्य, ही कल्पना आपल्या कायद्यास अभिप्रेत नाही.

३

आता ऊसतोडणीची रचना पाहू. बीड व आसपासच्या कोरडवाहू जिल्ह्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पती व पत्नी मिळून एक 'कोयता' मानला जातो. हंगामापूर्वी या कोयत्यास मुकादमाकडून 'उचल' मिळते. ती रक्कम बहुधा कारखाना अथवा त्याच्याशी संलग्न तोडणी-वाहतूक संस्थेकडून वाहतूकदारास, वाहतूकदाराकडून मुकादमास व मुकादमाकडून मजुरास अशी खाली येते. मजुरी टनावर ठरते आणि उचलीत वळती होते. कामास न गेल्यास 'खाडा' धरून दंड आकारला जातो. फडातील तोड थांबली की गाडी थांबते, आणि गाडी थांबली की गाळप. त्यामुळे आजारपण, गरोदरपण वा मासिक पाळी यांस या वेळापत्रकात जागा उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ स्पष्टीकरणार्थ कल्पिलेले आहेत. एका कोयत्याने १,००,००० रुपये उचल घेतली. तोडणीचा दर टनास ३५० रुपये असून तो कोयता दिवसाला २ टन ऊस तोडतो. १२० दिवसांत त्याची मजुरी ८४,००० रुपये होईल. म्हणजे एकही खाडा न होता १६,००० रुपये देणे राहील. या काळात किराण्यासाठी आठवड्यास १,००० रुपये घेतले, तर सुमारे १७ आठवड्यांचे १७,००० रुपये त्यात मिळून बाकी ३३,००० होईल. दहा दिवसांचे आजारपण आले की आणखी ७,००० रुपयांची मजुरी बुडेल, दंड निराळाच. ही बाकी पुढील हंगामाच्या खात्यावर चढते. पुढल्या वर्षी कोणत्या मुकादमाकडे जावयाचे, हा निर्णय मग मजुराच्या हाती राहत नाही.

बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले आढळले. यामागे खाजगी वैद्यक व्यवसायाचे वर्तन, अज्ञान आणि भीती अशी अनेक कारणे असतील. तथापि, जेथे एका दिवसाची विश्रांतीही ऋण वाढविते, तेथे शरीराविषयीचा निर्णय कितपत स्वेच्छेचा मानावा, हा प्रश्न टाळता येत नाही.

४

ही साखर पुढे मिठाई, औषधे व शीतपेये यांच्या उत्पादकांकडे जाते. मग खरेदीदार कंपनीच्या तपासणीत हे का दिसत नाही? याचे कारण तपासणीच्या स्थानात आहे. तपासनीस कारखान्याच्या आवारातील हजेरीपट, वेतनपट व यंत्रांची सुरक्षितता पाहतो. तोडणी मजुराचे नाव त्या हजेरीपटात नसते, कारण कारखान्याचा करार वाहतूकदाराशी वा मुकादमाशी असतो. शिवाय तोडणी व वाहतुकीचा खर्च ऊस-उत्पादकाच्या देय रकमेतून वजा होतो. परिणामी शेतकरी खर्च सोसतो, कारखाना तोडीचा क्रम ठरवितो, मुकादम माणसे आणतो; पण मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर कोणीच देत नाही. पैसा वरून खाली अखंड वाहतो. उत्तरदायित्व मात्र पहिल्याच पायरीवर तुटते.

५

यावरून निवारणाची दिशा ठरते. पहिली गोष्ट म्हणजे, प्रत्येक कोयत्याची उचल, मजुरी, कपात व बाकी यांची नोंद कारखान्याच्या दप्तरी असावी आणि तिची प्रत मजुराच्या हाती यावी. दुसरी, पती व पत्नी यांची स्वतंत्र नोंद होऊन मजुरी प्रत्येकाच्या बँक खात्यात जमा व्हावी. 'कोयता' या एककात स्त्रीचे श्रम दिसेनासे होतात. तिसरी, खाड्याचा दंड करारानेच वर्ज्य करावा. चौथी, टनाच्या दराने पडणारी मजुरी प्रत्यक्ष कामाच्या तासांशी ताडून ती किमान वेतनाहून कमी नाही, याची खात्री करावी. पाचवी, तपासणी फडावर व मजुरांच्या झोपड्यांपाशी, गाळप चालू असताना व मुकादमाच्या अनुपस्थितीत व्हावी. या सर्वांस खर्च आहे. तो खरेदीदाराने साखरेच्या दरात सामावून घेतला नाही, तर त्याची आचारसंहिता पुन्हा मुकादमाच्याच माथी मारली जाईल आणि मुकादम तो मजुराकडून वसूल करील.

६

येथे एक आक्षेप संभवतो. उचल मजूर स्वतःच मागतात; काही मुकादम व मजूर ती घेऊन परागंदाही होतात, आणि वाहतूकदार कर्जात बुडतात. तेव्हा यास दास्य म्हणणे अतिशयोक्तीचे नाही काय? या आक्षेपात तथ्य आहे. उचल म्हणजे दास्य नव्हे. पावसाळ्यात घरात धान्य नसताना, लग्नकार्य वा औषधोपचार समोर असताना, तीच रक्कम कुटुंबास तारते. म्हणून केवळ उचलीवर बंदी घातल्यास ती सावकाराच्या दारी जाईल, एवढेच. सर्व कोयत्यांस सरसकट वेठबिगार ठरविणेही योग्य होणार नाही. कसोटी निराळी आहे. बाकी शिल्लक असताना मजूर काम सोडू शकतो काय? सोडल्यास ती बाकी केवळ दिवाणी देणे राहते, की धमकी, मारहाण वा कुटुंबीयांस अडकवून ठेवणे यांच्या बळावर वसूल होते? १९७६ च्या कायद्याने, मजुराने आपले ऋण वेठबिगारीचे असल्याचे सांगितल्यास, ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला आहे. हेच तत्त्व कंपनीने आपल्या दक्षतेस लावावे. दास्याचा पुरावा सापडला नाही, एवढे सांगून तिची सुटका होऊ नये. काम सोडण्याचे स्वातंत्र्य अबाधित आहे, हे तिने दाखवून दिले पाहिजे.

तात्पर्य, पुरवठा-साखळीतील दास्याचा शोध मालाच्या मार्गाने घेतला तर तो कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो; ऋणाच्या मार्गाने घेतला तर तो कोयत्यापर्यंत पोहोचतो. अर्थशास्त्र, विधी आणि समाजशास्त्र या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांना एकत्र काम करण्याजोगे क्षेत्र येथे आहे. मुकादमाची वही हे त्या अभ्यासाचे पहिले साधन ठरावे.