ईबुकात मराठी अक्षरं का फुटतात?

जुनं मराठी पुस्तक ईपब, म्हणजे ईबुकाची फाइल, करायला घेतलं की रीडरवर बऱ्याचदा मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ईबुक बनवणाऱ्या कॅलिबर प्रोग्रॅमला दोष देऊ नका. मूळ मजकूरच मराठीत साठवलेला नसतो. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवतात. कृतिदेवमधला ‘कि’ म्हणजे फाइलीत साठवलेले ‘एफ’ आणि ‘डी’. रीडरने आपला फॉन्ट लावला की हे एफ-डी उघडे पडतात. जुना फॉन्टच ईपबमध्ये घातला तर पान ठीक दिसेल, पण शब्द शोधता येणार नाही, मोबाइल वाचूनही दाखवणार नाही.

म्हणून आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत आणावा, मग ईपब करावं. खरी गंमत इथे आहे. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो चुकू शकतो. वाचताना ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं, तर तिथे वेलांटी किंवा मात्रा अक्षरापासून सुटलेली आहे. हे वर्तुळ शोधून सापडत नाही, कारण ते मजकुरात नसतंच. रीडर ते स्वतः काढतो.

त्याहून घातक चूक दिसतच नाही. ‘दऱ्या’मध्ये नुक्त्याचा ‘ऱ’ लागतो. तिथे साधा ‘र’ आला की ‘दर्या’ होतो, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. दोन्ही शब्द बरोबर असल्याने स्पेलचेक गप्प बसतो. ‘र्य’ असलेला प्रत्येक शब्द शोधून वाचावा.

पीडीएफवरून शक्यतो काम करू नये. ओळी मध्येच तुटतात, पानांचे आकडे परिच्छेदांत घुसतात. प्रकाशकाकडे मूळ फाइल मागावी. ईबुकात अनुक्रमणिका येत नसेल, तर प्रकरणांची नावं नुसती ठळक केलेली असतील. वर्डमध्ये त्यांना ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्यावी.

शेवटी ईपबचेक हे तपासणीचं साधन चालवावं. मात्र ते फाइलीची रचना तपासतं, मराठी तपासत नाही. छापील पुस्तकाप्रमाणे ईबुकाचंही प्रूफ प्रकाशकांनी मुद्रितशोधकाकडून वाचून घ्यावं, आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्यावेत.