फोन बाजूला ठेवायचा, तर घरातल्या सगळ्यांनी



बैठकीत बचत, हप्ते, व्याजाचा हिशोब झाला की हल्ली एक विषय निघतोच. "पोरगा जेवतानाही मोबाईल सोडत नाही." "मुलगी रात्री पांघरुणात घेऊन बसते." एक म्हणते, हिसकावून घ्या. दुसरी म्हणते, शाळेचा अभ्यास त्यातच येतो, मग घ्यायचा कसा? दोघींचंही खरं आहे. म्हणून या वेळी याच विषयावर बोलूया.

मूल फोन का सोडत नाही?

पुस्तकाला शेवटचं पान असतं, मालिका अर्ध्या तासात संपते. रील्सना शेवटच नाही. एक संपली की बोट सरकवायचं, दुसरी तयार. हे मुद्दाम तसं बनवलेलं असतं. तुमचं मूल जितका वेळ बघेल, तितक्या जाहिराती दिसतात आणि तितकी कंपनीची कमाई होते. म्हणजे दोष एकट्या पोराचा नाही. म्हणूनच ऑस्ट्रेलिया देशाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद केली. नियम मोडला तर तिथे दंड कंपनीला होतो, मुलाला किंवा आईबापाला नाही. इन्स्टाग्राम आणि फेसबुकचा स्वतःचाही नियम आहे की १३ वर्षांखाली खातं उघडायचं नाही. पण मुलं खोटं वय टाकून मोकळी होतात.

दोन गावं, दोन रस्ते

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, सुमारे तीन हजार वस्तीचं. करोनाच्या काळात शाळा फोनवर भरली. पुढे वर्ग सुरू झाले, तेव्हा शिक्षकांना दिसलं की मुलांना वाचायचा, लिहायचा कंटाळा येतोय. सरपंच विजय मोहिते यांनी विषय मांडला. १४ ऑगस्ट २०२२ ला महिलांची ग्रामसभा झाली आणि भोंगा बसवायचं ठरलं. संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की ८.३० पर्यंत घराघरात टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, लोकांना समजावलं. लक्ष ठेवायला वॉर्डावॉर्डात समिती केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने वेगळा ठराव केला: १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचाच नाही.

आपल्याकडे कोणता रस्ता चालेल? भातकापणी झाली की कितीतरी घरांतले आईबाप वीटभट्टीवर नाहीतर बोटीवर जातात. मागे थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते. तिच्याकडे फोन नसेल तर घराशी बोलणंच तुटतं. शिष्यवृत्तीचा ओटीपीही त्यावरच येतो. म्हणून पूर्ण बंदीपेक्षा ठरलेल्या वेळेची बंदी बरी, आणि ती मोठ्यांनाही लागू हवी. बाप खाटेवर रील्स बघतोय आणि पोराला सांगतोय अभ्यास कर, तर पोर ऐकेल का?

बंदी फक्त मुलीलाच नको

बऱ्याच घरांत मुलाचा फोन चालू राहतो आणि मुलीचा जातो. याचा परिणाम काय होतो ते बघा. समजा, अनोळखी माणसाने मुलीशी ओळख वाढवली आणि फोटो मागितले. तिला वाटतं, घरी सांगितलं तर फोन जाईल, शाळा सुटेल, लग्नाचं बघतील. म्हणून ती गप्प बसते, आणि तिकडे त्या माणसाची हिंमत वाढते. तेव्हा आजच मुलीला आणि मुलालाही सांगून ठेवा: "काहीही झालं तरी मला सांग. मी तुझी शाळा बंद करणार नाही." १८ वर्षांखालच्या मुलामुलीकडे असले फोटो मागणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. मेसेज पुसू नका, तोच पुरावा असतो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र कधीही.

गटाने काय करायचं?

१. वेळ पाड्याने ठरवायची. वाडीवरून, कंपनीतून बाई ७ ला घरी पोचते, चूल पेटवते. आपल्याला ८ ते ९ सोयीचं असेल तर तेच धरा. घरं विखुरलेली, भोंगा सगळीकडे ऐकू जायचा नाही. शेजारच्या चार घरांनी एकमेकांना हाक मारली तरी चालतं.

२. त्या तासाला घरातले सगळे फोन एका टोपलीत. आवाज चालू ठेवा, म्हणजे बाहेरगावच्या माणसाचा फोन आला तर कळेल. रात्री झोपताना फोन आईजवळ.

३. शाळेत बोला. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा कायद्यानेच बायकांच्या आहेत. गृहपाठ ग्रुपवर न टाकता वर्गातच वहीत लिहून द्या, अशी मागणी तिथे करा. मूल आश्रमशाळेत असेल तर फोनचा नियम काय आणि घरी बोलायची वेळ कोणती, हे अधीक्षकांना विचारून घ्या.

४. ठराव ग्रामसभेत न्या. डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात आहेत. पाड्याची ग्रामसभा असेल तर तिथेच मांडा.

आधी एक महिना करून बघा. दर बैठकीला हप्त्यांच्या हिशोबानंतर पाच मिनिटं विचारा: किती घरांनी पाळलं, कुठे अडलं? ज्या घरात जमलं नाही तिला बोल लावू नका, काय अडचण आली ते ऐका. आणि फोन बाजूला ठेवल्यावर त्या तासात पोराजवळ बसा. आपल्याला वाचता येत नसलं तरी चालेल. "आज काय शिकलास, मला सांग" एवढं विचारायला अक्षरओळख लागत नाही.